प्रलंबित

ऑस्लाच्या दुकानाला दार नाही.
येल बेटावर दार ठेवलं तर वारा आधी आत येतो,
गिऱ्हाईक मागून, आलंच तर.
म्हणून लोकर वेबसाइटवर:
शेवाळी, राखी, मेंढीच्या अंगचा काळा
आणि एक निळा, ज्याचं नाव तिने ठेवलंय
‘फेरी चुकली तेव्हाचा’.

मी शाळेत गणित शिकवते.
संध्याकाळी लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करते,
बदल्यात अंडी, कधी मटण,
एकदा ट्रॅक्टरचा जुना आरसा.

डिसेंबरात तीनलाच अंधार.
ऑस्ला म्हणाली, लोक येतात गं, घेत नाहीत.
आठवड्यात दोनशे बारा भेटी, हे बघ.
मी आकडा सोलायला घेतला.
एकशे नव्वद ती स्वतः:
लॅपटॉपवर, फोनवर, परत लॅपटॉपवर,
कुणी आलंय का ते बघायला येणारी.
ती हसली नाही. मग हसली.
म्हणजे माझ्या दुकानात गर्दी ती माझीच.

बारा यंत्रं,
कुठल्याशा गोदामातून येऊन कडी हलवून जाणारी.
एक तिची बहीण, लर्विकहून.
उरल्या नऊ.
नऊच्या नऊ पुंता अरेनासहून,
जगाच्या पार त्या टोकाकडून,
तिकडेही मेंढ्या, तिकडेही वारा,
फक्त या महिन्यात उजेड त्यांच्याकडे.

नऊही वेळा एकच पान: माझी ऑर्डर कुठे आहे.
पहिल्या दिवशी चार मिनिटं.
मग दोन.
शेवटी शेवटी अकरा सेकंद.

कसली ऑर्डर, ऑस्ला म्हणाली.

मग एकेक प्लगइन बंद करून बघणं,
चालू करणं, परत बंद करणं,
दिव्यांच्या माळेत मेलेला दिवा शोधतात तसं.
माझ्याच कार्डावरून एका पौंडाचा नमुना-गुंडा मागवला.
पैसे गेले. दुकानाला पत्ता नाही.
चहा गार झाला. ऑस्लाने दुसरा केला, तोही.

मध्यरात्रीच्या पुढे नोंदवहीत सापडलं:
पैसे मिळाले, एवढं सांगायला
पेमेंटवाल्यांचा निरोप येत होता दर वेळी,
आणि फाटकावरचा पहारेकरी त्याला
चारशे तीन, चारशे तीन म्हणत
हाकलून देत होता.
पहारेकरी मीच बसवलेला. मार्चमध्ये.
फुशारकीने.
कुंपणानं शेत खाल्लं, आणि कुंपण माझं.

पण यादीत दिसत होतं की तुला, मी म्हटलं,
हे काय, इथे, ‘प्रलंबित’.
ऑस्ला म्हणाली, मला वाटलं,
प्रलंबित म्हणजे अजून विचार करतायत.
कुणाला घाई कशाला करायची?

रोसाउरा मान्सिया. दोन गुंडे, निळे.
पैसे तीन आठवड्यांपूर्वीच कापलेले.
तिचं पत्रही होतं, कचऱ्याच्या डब्यात,
त्याच पहारेकऱ्याने टाकलेलं:
‘मागच्या वर्षीचा तुमचा निळा संपला.
घाई नाही.
पण एक बाही अर्धी आहे.’

दुरुस्ती म्हणाल तर एक ओळ.
एक पत्ता, ज्याला अडवायचं नाही.
शाळेतल्या पोरांना सांगितलं तर विचारतील,
बाई, मग इतका वेळ काय करत होतात?

ऑस्ला तोवर दिव्याखाली
यंदाचा निळा धरून उभी होती.
मागच्या वर्षीचा नव्हे हा, म्हणाली.
हा फेरी वेळेवर आली तेव्हाचा.
फळीवर जुना एकही गुंडा नव्हता.
तिने अंगातला स्वेटर डोक्यावरून काढला,
गळ्याची शेवटची गाठ दातांनी तोडली
आणि दोरा माझ्या हातात दिला.
धर. ताणू नकोस.

पहाटेपर्यंत मी हात पसरून बसले होते,
निळा माझ्या मनगटांवर चढत होता,
कुरळा, अजून तिच्या अंगाच्या उबेचा.
जाताना मी मोजणीतून ऑस्लाला वगळलं.

आज सकाळी आकडा: एक.
पान तेच. थांबली किती, ते मी उघडून पाहिलं नाही.
फोन केला तर ऑस्ला म्हणाली,
पाकीट फेरीवर चढलं,
आणि हे बघ, येताना
तुझा एखादा जाडसर कोट असेल तर आण.